फोनला मधलं दार बसवा

मिरजेत एका बारशाला गेलो होतो. जेवणं उरकली होती. बायका पाळण्याभोवती, आम्ही पुरुष मंडळी सतरंजीवर सुपारी कातरत बसलेलो. यजमानांचे मेहुणे एका पतसंस्थेत वसुलीला आहेत. गणपतीतले फोटो दाखवायला त्यांनी फोन काढला आणि तो हातोहात फिरू लागला. आरास, मोदकांचं ताट, विसर्जनाला कृष्णेच्या घाटावर भिजलेली पोरं. फिरत फिरत फोन एका आजींकडं गेला. त्यांनी बोट जरा जोरात सरकवलं आणि पोरांच्या पाठोपाठ एक अनोळखी माणूस आला. अनोळखी म्हणजे आम्हाला. कर्जाचा अर्ज छातीशी धरून उभा. पुढं त्याचं आधार कार्ड, मग सातबारा, मग जामीनदारांच्या सह्यांचा कागद. आजींनी चष्मा वर सरकवला आणि म्हणाल्या, "अगं बया, हा तर आमच्या धाकटीचा जावई. ह्यानं कर्ज कशाला काढलं?"

सतरंजीवरचं बोलणं थांबलं. मेहुण्यांनी फोन ओढून घेतला, पण तोवर व्हायचं ते झालं होतं. दिवे लागायच्या आत बातमी तासगावात पोचली. जावयानं कर्जाचं घरात सांगितलेलं नव्हतं, हे नंतर कळलं.

या सगळ्यात कुणी चोर नव्हता, कुणी पासवर्ड फोडला नव्हता. मेहुणे सज्जन आहेत, आजी तर देवमाणूस. चूक एवढीच की घरचे गणपती आणि संस्थेचे कर्जदार एकाच गॅलरीत नांदत होते.

मी हिशेबाचा माणूस. आधी एका पतसंस्थेत होतो, आता सांगलीच्या बाजारात व्यापाऱ्यांची कीर्द-खतावणी आणि जीएसटीची कामं करतो. गणपती पेठेत किंवा साताऱ्याच्या जुन्या पेठांत अजूनही काही वाडे असे आहेत, की पुढं दुकान आणि मागं घर. दोन्हींच्या मध्ये एक दार. त्याला उंबरा असतो, बहुतेकदा एक मळका पडदा असतो आणि कडी आतल्या बाजूनं असते. गिऱ्हाईक तीस वर्षांचं जुनं असलं तरी त्या दारातून आत जात नाही. मालकानं गल्ल्यातून भाजीला दोनशे रुपये काढले तरी आम्ही ते कीर्दीत लिहायला लावतो, घरखर्च खाती नावे. दुकानाचं ते दुकानाचं, घरचं ते घरचं, हे आपल्याकडच्या व्यापाऱ्याला कुणी शिकवावं लागत नाही. त्याच व्यापाऱ्याचा फोन उघडला, तर हळदीच्या पावत्या, पोरीचा दहावीचा निकाल, अडत्याचा बँक खाते क्रमांक आणि बायकोच्या सोनोग्राफीचा रिपोर्ट एकाखाली एक दिसतात. वाड्याला दार होतं. फोन घेतला तेव्हा ते बसवायचं राहून गेलं.

दोन फोन बाळगा, असा सल्ला देणारे शहाणे भेटतात. ज्याला परवडतं त्यानं खुशाल बाळगावेत. पण आशाताईंना, साखर कारखान्याच्या चिटबॉयला, झेडपीच्या मास्तरांना किंवा वसुलीच्या पोराला दुसरा फोन, दुसरा रिचार्ज आणि दुसरा चार्जर कोण देणार? म्हणून हे लिहिणं आहे ते एकाच फोनवाल्यांसाठी.

काम आपल्या खिशात कसं शिरलं ते एकदा बघून घेऊ. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभरातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारनं दिलेले मोबाईल परत केले. २ जीबी रॅमचे ते फोन तापायचे, अडकायचे, दुरुस्तीचा खर्च बाईंच्याच अंगावर यायचा. वर त्या वर्षी आलेलं पोषण ट्रॅकर ॲप इंग्रजीत. सेविकांनी फोन तर परत केलेच, पण तेच ॲप आमच्या स्वतःच्या फोनवर टाकणार नाही, असंही ठणकावून सांगितलं. तेव्हा पुष्कळांना हा हट्ट वाटला. मला तो महाराष्ट्रातला या विषयावरचा पहिला मोठा शहाणपणा वाटतो. गावातल्या गरोदर बायकांची, कुपोषित पोरांची नावं, वजनं आणि आधार क्रमांक ज्या फोनवर, त्याच फोनवर संध्याकाळी बाईंचा नातू गेम खेळणार. हे बरोबर नाही, असं पाटीवर लिहून न दाखवता त्यांनी करून दाखवलं.

बाकीच्यांना नाही म्हणता आलं नाही. हा चिटबॉयच घ्या. उसाची नोंद, लागणीची तारीख, तोडीची पाळी, सगळं त्याच्या फोनवर. हंगामात रात्री अकरा वाजता त्याला फोन येतो, "काय ओ, टोळी कवा येणार?" हंगाम संपतो, पण नंबर गावभर झालेला असतो. मग जूनमध्येही त्याच्या घरच्या नंबरावर बिलाची चौकशी चालू. मिरजेच्या दवाखान्यांत कंपाउंडर पेशंटचे एक्स-रे डॉक्टरांना व्हॉट्सॲपवर धाडतो. ते फोटो त्याच्या फोनमध्ये वर्षानुवर्षं पडून राहतात. विटा, खानापूर, आटपाडीकडची गलाईवाली, म्हणजे सोनं-चांदी गाळणारी मंडळी देशभर दुकानं थाटून बसली आहेत. दुकानातला फोन दिवसभर कारागिराच्या हातात आणि त्याच फोनवर गावाकडून आईचा व्हिडिओ कॉल.

आता माझी स्वतःची फजिती सांगतो, म्हणजे मी वरून उपदेश करतोय असं वाटायला नको.

पतसंस्थेत लागलो तेव्हा संस्थेनं सीयूजी सिम दिलं. फुकट बोलणं, मग काय, तोच माझा नंबर झाला. गॅसला तो, मुलाच्या शाळेला तो, बचत खात्याला तो, आधारला तो. नऊ वर्षांनी नोकरी सोडली आणि राजीनाम्याबरोबर सिम जमा केलं. तीन आठवड्यांनी माझ्या जागेवर आलेल्या पोराचा फोन आला. "साहेब, तुमचा ओटीपी आलाय. सांगू का?" पोरगा भला होता म्हणून हसलो. नंतर मात्र घाम फुटला. माझ्या खात्याची किल्ली एका अनोळखी टेबलावर रोज वाजत होती. आधारचा नंबर बदलायला तेव्हा स्वतः केंद्रावर जाऊन बोट टेकवावं लागलं, बँकेत अर्ज, गॅस एजन्सीत अर्ज. ते सगळं निस्तरायला मला दीड वर्ष लागलं आणि शेवटचं, विम्याच्या पॉलिसीचं, तर त्या पोराच्या मेहेरबानीवरच झालं.

तेव्हा पहिली विनंती ही. कामावरून मिळालेल्या सिमला तुमची बँक, आधार, जीमेल, काहीही जोडू नका. जोडलं असेल तर नोकरीत असतानाच सोडवा. स्वतःच्या पैशानं घेतलेलं सिमही रिचार्ज न करता टाकून देऊ नका. बंद झालेला नंबर कंपनी ९० दिवस राखते, मग दुसऱ्या कुणाला तरी देऊ शकते आणि त्या माणसाला तुमचे ओटीपी जायला लागतात. आपल्या नावावर किती सिमं चालू आहेत हे केंद्र सरकारच्या संचार साथी पोर्टलवर दिसतं. हे पोर्टल २०२३ पासून आहे. माझ्या एका गिऱ्हाइकानं बघितलं, तर दोन नंबर असे निघाले की त्यानं ते कधी घेतलेच नव्हते. आपलं नसलेलं सिम तिथूनच कळवता येतं.

फोन बहुतेकांचा दोन सिमांचा असतोच. एक सिम घरचं. ते बँकेला, आधारला, नातेवाइकांना. दुसरं कामाचं. ते दुकानाच्या पाटीवर, पावतीपुस्तकावर, शेतकऱ्यांच्या ग्रुपवर. लक्षात ठेवा, व्हॉट्सॲपच्या ग्रुपमध्ये तुमचा नंबर सगळ्यांना दिसतो. दोनशे पालकांच्या ग्रुपमध्ये शाळेच्या बाईंचा बँकेला जोडलेला नंबर असणं म्हणजे तिजोरीवर दुकानाची पाटी लावणं. क्यूआर कोडचंही तसंच. अनेकांच्या यूपीआय आयडीत मोबाईल नंबरच असतो, तो बदलून दुसरा आयडी करता येतो. दुकानाला वेगळं चालू खातं आणि वेगळा क्यूआर ठेवलात तर मार्चमध्ये माझ्यासारख्याचे कष्टही वाचतील, हे जाता जाता.

दुसऱ्या नंबरावर व्हॉट्सॲप बिझनेस टाका. ते २०१८ पासून आहे, फुकट आहे आणि साध्या व्हॉट्सॲपच्या शेजारी गुण्यागोविंदानं राहतं. ऑक्टोबर २०२३ मध्ये अँड्रॉइडवर एकाच व्हॉट्सॲपमध्ये दोन खाती ठेवायची सोय आली. पण माझं मत विचाराल तर ती घेऊ नका. घाईत घरचा मजकूर ऑफिसला आणि ऑफिसचा घरी जातो. "येताना दूध आणि लसूण" हा निरोप मी वैधानिक लेखापरीक्षकांना पाठवलेला आहे. त्यांनी अंगठा दाखवला. दोन वेगळी चिन्हं डोळ्यांना वेगळी दिसतात, तेच बरं.

बिझनेस टाकल्याबरोबर एक काम करा. सेटिंग्जमध्ये चॅट्समध्ये जा आणि मीडिया व्हिजिबिलिटी बंद करा. यानंतर आलेले फोटो गॅलरीत उतरत नाहीत, चॅटमध्येच राहतात. बारशातला प्रसंग या एका बटणानं पुष्कळसा टळला असता. पुष्कळसा म्हणतो, सगळा नाही, कारण मेहुण्यांनी अर्धे फोटो स्वतःच्या कॅमेऱ्यानं काढले होते आणि कॅमेऱ्याचे फोटो गॅलरीतच जाणार. त्याला दारच हवं.

तर दाराकडं येऊ. इथं जरा सावकाश वाचा, कारण दुकानदार तीन वेगळ्या वस्तू एकाच नावानं खपवतो.

ॲप लॉक हा पडदा आहे. व्हॉट्सॲपवर बोटाचा ठसा लावला म्हणजे ते चटकन उघडत नाही इतकंच. मे २०२३ पासून एखादं चॅटही असं कुलपात टाकता येतं. पण फोटो, नंबर, फायली घरभर मोकळ्याच असतात. दुसरं ॲप त्या वाचू शकतं. ड्युअल ॲप किंवा क्लोन ॲप ही दुसरी चूल. स्वयंपाक दोन, पण बऱ्याच फोनमध्ये माजघर एकच, म्हणजे गॅलरी तीच. तिसरी वस्तू म्हणजे खरी भिंत. अँड्रॉइड एकाच फोनवर दुसरा वापरकर्ता असल्यासारखी वेगळी जागा करतं. त्या जागेतल्या ॲपला बाहेरचे फोटो आणि फायली दिसत नाहीत, बाहेरच्या ॲपला आतल्या दिसत नाहीत. फोटो काढायचा तर आतला कॅमेरा वेगळा आणि गॅलरीही वेगळी.

ही भिंत वेगवेगळ्या फोनवर वेगवेगळ्या नावानं मिळते. सॅमसंगवर सिक्युअर फोल्डर. रेडमी, पोकोवर सेकंड स्पेस. अँड्रॉइड १५ आलेल्या बऱ्याच फोनांवर प्रायव्हेट स्पेस. स्वस्तातल्या काही मॉडेलांवर यातलं काहीच नसतं. नवा फोन घेताना कॅमेरा किती मेगापिक्सेलचा हे विचारता, तसं हेही काउंटरवर विचारा. सेटिंग्जच्या वरच्या शोधपट्टीत नाव टाकलं की आहे की नाही ते कळतं. जिथं आहे तिथं व्हॉट्सॲप बिझनेस, कामाचं ईमेल, कामाचा कॅमेरा आणि कागद स्कॅन करायचं ॲप सगळं आतल्या जागेत बसवा. कुलूप मात्र वेगळं ठेवा. बाहेरचा पॅटर्न बायको-पोरांना माहीत असतो, असावाही, घरात कुणाला काही झालं तर फोन उघडता आला पाहिजे. आतला आकडा फक्त तुमचा. तोच पॅटर्न दोन्हीकडं लावला तर भिंत घालून तिच्यात दार उघडं ठेवल्यासारखं आहे.

दोन खाचखळगे आधीच सांगतो, नंतर मला शिव्या घालू नका. प्रायव्हेट स्पेसला कुलूप लागलं की आतली ॲप झोपतात, नोटिफिकेशन येत नाही. संध्याकाळी सातनंतर कामाचा ससेमिरा नको असेल तर हे वरदानच. पण ज्याला रात्री टोळीचा ट्रॅक्टर कुठं अडकला ते कळायलाच हवं, त्यानं कुलूप सकाळी उघडून दिवसभर तसंच ठेवावं किंवा बिझनेस बाहेर ठेवून फक्त कागदपत्रं आत टाकावीत. दुसरं म्हणजे, फोन फॅक्टरी रिसेट केला की आतलं सगळं जातं, आणि नवा फोन घेतल्यावर आतला माल बाहेरच्या मालाबरोबर आपोआप येत नाही. फोन बदलायच्या आदल्या दिवशी आठवणीनं बाहेर काढायचा. आमच्या एका वकील मित्रानं दुकानात उभ्या उभ्या रिसेट मारला आणि आठ महिन्यांचे साक्षीपुरावे गेले.

भिंत बांधूनही मागच्या खिडकीतून सगळं वाहून जातं ती जागा म्हणजे गुगलचं खातं. हे कुणी सांगत नाही म्हणून जरा लांबवतो. फोन घेताना मोबाईलवाल्या पोरानं जीमेल उघडून दिलेलं असतं. पासवर्ड त्यानंच ठेवलेला, बहुधा नाव आणि १२३. किंवा मुलाचंच खातं आईच्या फोनवर टाकलेलं असतं, कारण "आईला काय करायचंय वेगळं?" मग गुगल फोटो चालू होतं आणि आशाताईंनी बाळंतिणीच्या कार्डाचा काढलेला फोटो पुण्याला हिंजवडीत बसलेल्या मुलाच्या लॅपटॉपवर जाऊन बसतो. उलट मुलाच्या मित्रांच्या पार्टीचे फोटो आशाताईंच्या फोनवर. संपर्कांची यादीही तशीच मिसळते. वहिनीच्या फोनमध्ये "देशमुख थकबाकी" असं नाव मी स्वतः बघितलंय. तर प्रत्येक माणसाला स्वतःचं खातं, पासवर्ड स्वतः ठेवलेला, आणि कामाच्या जागेला तिसरं वेगळं खातं. आतल्या जागेत बाहेरचंच खातं घातलंत तर फोटो पुन्हा ढगात एकत्र होतील. गुगल फोटो उघडा, वर कोणत्या खात्याचं चिन्ह आहे ते बघा आणि बॅकअप कशाकशाचा चालू आहे तेही बघा.

दुसरी खिडकी ऑफिसच्या संगणकावर असते. व्हॉट्सॲप वेब. एका फोनला चार जागी जोडता येतं आणि जोडलेलं माणूस विसरतो. आमच्या ऑफिसात एकाचं घरचं व्हॉट्सॲप रजेच्या आठवड्यात पडद्यावर तसंच उघडं राहिलं. नवरा-बायकोचं भांडण सगळ्या टेबलांनी वाचलं. कुणी काही बोललं नाही, पण तो परत आल्यावर त्याला चहा जरा जास्तच प्रेमानं दिला गेला. लिंक्ड डिव्हायसेसमध्ये जाऊन महिन्यातून एकदा झाडू मारा. ऑफिसच्या संगणकावर बिझनेस जोडा, घरचं कधीच नको.

ज्यांची मुलं मोठ्या कंपन्यांत किंवा बँकांत आहेत त्यांनी वर्क प्रोफाइल हा शब्द ऐकला असेल. २०१४ च्या अँड्रॉइड ५ पासून तो आहे. कंपनी तुमच्या फोनवर स्वतःची एक बंदिस्त जागा करते. तिच्यातल्या ॲपच्या चिन्हावर छोटी बॅग दिसते. कंपनीला बॅगेच्या आतलं दिसतं. घरचे फोटो, मेसेज दिसत नाहीत. नोकरी सोडली की कंपनी आपली बॅग रिकामी करून नेते, तुमच्या घराला हात लावत नाही. संध्याकाळी बॅग बंदही ठेवता येते. हा चांगला रिवाज आहे आणि मुलांनी त्याला घाबरू नये.

घाबरायचं ते वेगळ्याच गोष्टीला. छोट्या संस्थेचे साहेब ग्रुपवर एक लिंक टाकतात, "उद्यापासून हजेरी या ॲपवर." ॲप बसवताना ते संपर्क, फोटो, मायक्रोफोन आणि चोवीस तास लोकेशन मागतं. पोटाचा प्रश्न असतो, नाही म्हणता येत नाही, हे मला कळतं. पण एवढं करता येतं. ॲप आतल्या जागेत बसवा, तिथं घरचे संपर्कही नसतात आणि घरचे फोटोही नसतात. लोकेशन "ॲप वापरताना" एवढंच द्या. आणि साहेबांना अदबीनं विचारा की माहिती कुठं जाते आणि मी सोडून गेल्यावर ती पुसणार कोण.

साहेबांना कायद्याचीही थोडी आठवण करून द्या. सर्वोच्च न्यायालयानं २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ साली झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि अंमल टप्प्याटप्प्यानं व्हायचा आहे. या कायद्यानं नोकरीच्या कामापुरती मालकाला बरीच मोकळीक दिली आहे, ते लपवत नाही. पण गिऱ्हाइकाची माहिती सांभाळायची जबाबदारी त्यानं संस्थेवर टाकली आहे, आणि पुरेशी काळजी घेतली नाही तर दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. संस्थेच्या कर्जदारांचे सातबारे वसुलीवाल्यांच्या गॅलरीत लोळत असतील तर ती काळजी घेतली असं कोण म्हणेल? दुसरं काही पटलं नाही तरी २५० कोटी हा आकडा संचालक मंडळाला लगेच पटतो. वार्षिक सभेच्या आधी पटला तर उत्तमच.

फौजेच्या घरांना दोन शब्द वेगळे. साताऱ्याजवळचं अपशिंगे गाव, ज्याच्या नावातच मिलिटरी आहे, तिथून पहिल्या महायुद्धात ४६ जण कामी आले. अशा गावांत आजही घरटी फौजी आहे. जुलै २०२० मध्ये लष्करानं जवानांना ८९ ॲप फोनवरून काढायला लावली, त्यांत फेसबुक आणि इन्स्टाग्रामही होतं. जवानानं काढली. गावाकडं मात्र बापानं मुलाचा वर्दीतला फोटो पलटणीच्या नावासकट डीपीला लावला आणि मेहुण्यानं "दाजी आता अमुक ठिकाणी" असं स्टेटस ठेवलं. अभिमान समजतो. पण तो फोटो मुलाला विचारून लावा आणि ठिकाण लिहूच नका.

आणि एपीके. लग्नसराईत व्हॉट्सॲपवर पत्रिका येते, नाव ओळखीचं, शेवटी एपीके. कधी ती वाहनाच्या दंडाची पावती असते, कधी पीएम किसानची यादी. पत्रिका फोटो असते किंवा पीडीएफ असते. एपीके हे ॲप असतं आणि ते एसएमएसची परवानगी मागून तुमचे ओटीपी दुसरीकडं वळवतं. यात माझ्या मधल्या दारावर फार विसंबू नका. एसएमएस वाचायची परवानगी तुम्हीच दिलीत तर भिंत कितीही जाड असून उपयोग नाही. चुकून बसवलंच तर इंटरनेट बंद करा, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा आणि १९३० ला फोन लावा. पहिल्या तासात केलेली तक्रार आणि दुसऱ्या दिवशी लाजत लाजत केलेली तक्रार यांत पैसे परत मिळण्या-न मिळण्याचा फरक पडतो. लाजू नका. असं फसून माझ्याकडं येणाऱ्यांत प्राध्यापकही आहेत.

फोन दुरुस्तीला देताना आपण पासवर्ड कागदावर लिहून देतो, ही सवय मोडा. सॅमसंगमध्ये मेंटेनन्स मोड आहे. तो लावला की दुरुस्तीवाल्याला फोन कोरा दिसतो. इतरांनी कामाची जागा कुलूपबंद करूनच फोन काउंटरवर ठेवावा, आणि पडदा बदलायला पासवर्ड लागत नाही हे ध्यानात ठेवावं. फोन हरवला तर आधी पोलिसांत तक्रार, मग तिची प्रत लावून संचार साथीवर आयएमईआय ब्लॉक. तो आकडा फोनच्या खोक्यावर असतो. खोकं रद्दीत घालू नका.

हे सगळं एका दिवसात होत नाही, मलाही तीन रविवार लागले. पहिल्या रविवारी फक्त सिमं वेगळी केली. दुसऱ्या रविवारी खाती. तिसऱ्या रविवारी भाच्याला बसवून आतली जागा केली आणि त्याला वडापाव खिलवला. बायको म्हणाली, "एवढं काय लपवायचंय तुम्हाला?" तिला सांगितलं, माझं काही नाही, लोकांचं आहे.

तुम्ही तिसऱ्या रविवारची वाट बघू नका. आज जेवणं झाली की फोन घेऊन पाच मिनिटं बसा, गॅलरीत अगदी तळापर्यंत जा आणि दुसऱ्यांची आधार कार्डं किती आहेत ती मोजा. मी मोजायच्या आधी पैज लावली असती की माझ्याकडं दहा-वीस असतील. १४२ निघाली, त्यांतली तीन माणसं आता हयात नाहीत.